सति आणि तिचे माप

पालि सुत्तांचे इंग्रजी भाषांतर करताना १८८१ साली ऱ्हीस डेव्हिड्स यांनी 'सति' या शब्दासाठी 'माइंडफुलनेस' हा प्रतिशब्द योजिला, आणि पुढे तोच रूढ झाला. १९७९ साली जॉन काबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांसाठी ध्यानाधारित अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा हा शब्द विहारातून रुग्णालयात गेला. २००१ नंतर मानसशास्त्रज्ञांनी त्यावर एकामागून एक मापनश्रेणी रचल्या आणि शब्दाला अंक चिकटला. आज कोणाची सति किती, हे पंधरा किंवा एकोणचाळीस विधानांवर खुणा करून सांगता येते, असे मानले जाते. प्रस्तुत लेखात आम्ही या मापनाची चिकित्सा करणार आहोत. मानसशास्त्र एखाद्या मनोधर्माची व्याख्या कशी करते, त्यास अंक कसा देते आणि त्या अंकातून काय सुटते, हे पाहण्यास याहून चांगले उदाहरण आम्हांस दिसत नाही. कारण ज्या धर्माची व्याख्या झाली, तो दोन हजारांहून अधिक वर्षे दुसऱ्या एका परंपरेत निश्चित लक्षणांनी ओळखला जात आहे.

लेखनाविषयी एक खुलासा. मराठीच्या नियमाप्रमाणे हा शब्द दीर्घान्त लिहावयास हवा. परंतु 'सती' म्हटले की मराठी वाचकाच्या मनात चितेवर चढणारी स्त्री उभी राहते. म्हणून आम्ही पालि ऱ्हस्वान्त रूपच ठेवीत आहोत.

या चिकित्सेची निकड आम्हांस वाटते ती आपल्याच लोकांच्या एका सवयीमुळे. आपल्या प्रकाशनांतून, शिबिरांच्या पत्रकांतून आणि व्याख्यानांतून 'विज्ञानाने सिद्ध केले आहे' असे वाक्य सर्रास येते. सिद्ध काय झाले, कोणत्या साधनाने झाले आणि त्या साधनाने मोजले ते सतिच होते काय, हे विचारण्याचे कष्ट कोणी घेत नाही. अनुकूल निष्कर्ष आला की विज्ञान आपले, आणि प्रतिकूल आला की 'हे अनुभवाचे क्षेत्र आहे, त्यास माप लागत नाही' असे म्हणावयाचे, ही दुटप्पी भूमिका आम्हांस मान्य नाही.

मानसशास्त्राची बाजू आधी नीट मांडली पाहिजे. मनाच्या घटनांस गणित लागू पडत नाही, म्हणून मनाचे खरेखुरे विज्ञान होऊ शकत नाही, असे कांटने १७८६ साली म्हटले होते. १८६० साली फेक्नरने संवेदनेचे मापन मांडून या मताला उत्तर देण्याचा प्रयत्न केला. तथापि पुढील शतकात मानसशास्त्राच्या हाती जे शस्त्र आले ते पदार्थविज्ञानातून आले. ब्रिजमन या पदार्थवैज्ञानिकाने १९२७ साली असे प्रतिपादिले की, संकल्पना म्हणजे ती निश्चित करण्यासाठी केलेल्या क्रियांचा समुच्चय. लांबी म्हणजे लांबी मोजण्याच्या कृती, त्यापलीकडे लांबीचे काही गूढ सत्त्व नाही. हार्वर्डमधील स्टीव्हन्स यांनी १९३५ साली हीच दृष्टी मानसशास्त्रात आणली आणि 'क्रियात्मक व्याख्या' हा त्या शास्त्राचा परवलीचा शब्द झाला. त्याही आधी, १९२३ साली, बोरिंग यांनी म्हणून ठेवले होते की बुद्धिमत्ता म्हणजे बुद्धीच्या चाचण्या जे तपासतात ते. वाचकास हे हास्यास्पद वाटेल. परंतु त्यामागील प्रामाणिकपणा लक्षात घ्यावा. आपण कशाविषयी बोलत आहोत हे दुसऱ्यास पडताळता यावे, एवढाच तो आग्रह आहे.

नुसत्या क्रियेने व्याख्या पुरी होत नाही, हे मानसशास्त्रज्ञांच्याही ध्यानात आले. १९५५ साली क्रॉनबाख आणि मील या दोघांनी सांगितले की, चिंता किंवा बुद्धिमत्ता यांसारखी न दिसणारी गोष्ट मोजल्याचा दावा करावयाचा असेल, तर ती इतर कोणत्या गोष्टींबरोबर वाढते, कोणत्यांबरोबर घटते आणि कोणत्यांशी तिचा संबंध नाही, याचे एक जाळे आधी मांडले पाहिजे आणि मग प्रत्यक्ष निरीक्षणे त्या जाळ्यात बसतात की नाही हे पाहिले पाहिजे. यास ते सप्रमाणता म्हणतात. साधन पुनःपुन्हा सारखेच उत्तर देते की नाही ही विश्वसनीयता वेगळी. काटा रोज तोच आकडा दाखवील. पण तो वजनाचा आहे की तापमानाचा, हे त्यावरून कळणार नाही.

आता आपल्याकडील व्याख्येची पद्धत पाहू. अट्ठकथाकार कोणत्याही धम्माची व्याख्या चार अंगांनी करतात : लक्खण म्हणजे स्वलक्षण, रस म्हणजे कार्य, पच्चुपट्ठान म्हणजे ते कसे प्रकट होते, आणि पदट्ठान म्हणजे त्याचे निकटचे कारण. विसुद्धिमग्गाच्या चौदाव्या परिच्छेदात सतिचे लक्षण अपिलापन, म्हणजे आलंबनावर न तरंगणे, असे दिले आहे. भोपळा पाण्यावर वाहत जातो, दगड तळाशी बसतो. सति दुसऱ्या प्रकारची. तिचे कार्य असम्मोस, म्हणजे न विसरणे. ती राखण म्हणून अथवा विषयासमोर उभे राहणे म्हणून प्रकट होते. तिचे निकटचे कारण म्हणजे दृढ सञ्ञा किंवा कायादी सतिपट्ठाने. आणि शेवटी दोन उपमा येतात : आलंबनात घट्ट रोवलेली म्हणून ती खांबासारखी, चक्षुद्वारादींचे रक्षण करते म्हणून द्वारपालासारखी. हा विसुद्धिमग्ग धर्मानंद कोसंबींनी नागरी लिपीत संपादून दिला आणि तो १९४० साली मुंबईत निघाला. अट्ठसालिनी बापट आणि वाडेकर यांनी १९४२ साली पुण्यात प्रसिद्ध केली. ग्रंथ आपल्या दाराशी आहेत, तेव्हा ते न पाहता सतिविषयी बोलण्यास आपणांस तरी सबब नाही.

या चौपदरी व्याख्येत आणि क्रॉनबाख-मील यांच्या जाळ्यात वरवर वाटते त्याहून अधिक साम्य आहे. दोहोंतही वस्तूचे वर्णन तिच्या कार्याने, कारणाने आणि सहवासाने होते. अभिधम्मात तर कोणता चेतसिक कोणत्या चित्ताबरोबर उपजतो आणि कोणत्याबरोबर उपजत नाही, याचे कोष्टकच आहे. मनसिकार आणि एकग्गता ही सात सब्बचित्तसाधारण चेतसिकांतील आहेत. ती प्रत्येक चित्तात असतात, चोराच्याही आणि साधूच्याही. सति त्यांत नाही. ती एकोणीस सोभनसाधारण चेतसिकांत येते, आणि अकुशल चित्तात तिला जागा नाही. हा भेद पुढील सर्व विवेचनाचा कणा आहे, तो वाचकांनी लक्षात ठेवावा.

२००४ साली बिशप आणि त्यांच्या दहा सहकाऱ्यांनी माइंडफुलनेसची एक क्रियात्मक व्याख्या प्रस्तावित केली. तिची अंगे दोन : अवधानाचे स्वनियमन, म्हणजे लक्ष वर्तमान अनुभवावर ठेवणे, आणि त्या अनुभवाकडे कुतूहलाने, मोकळेपणाने व स्वीकाराने पाहणे. पहिले अंग मनसिकाराच्या जवळ जाते. दुसरे अंग स्वभावाचा एक कल आहे. न विसरणे कोठे गेले? ज्या धातूपासून सति हा शब्द झाला तो 'स्मरणे' या अर्थाचा. संयुत्तनिकायात सतिंद्रियाचे वर्णन करताना फार पूर्वी केलेले व बोललेले आठवणे याचा स्पष्ट उल्लेख येतो. बिशप प्रभृतींच्या व्याख्येत काळ एकच आहे, वर्तमान. आणि द्वारपाल तर मुळीच नाही. द्वारपालाचे काम कोण आत येतो हे केवळ कुतूहलाने पाहणे नव्हे. कोणास आत सोडू नये हे त्यास ठाऊक असावे लागते. येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत करणारा द्वारपाल राजाने फार दिवस ठेविला नसता.

व्याख्येनंतर साधन. सर्वाधिक वापरल्या गेलेल्या श्रेणींपैकी एक ब्राउन आणि रायन यांनी २००३ साली प्रसिद्ध केली. तिच्यात पंधरा विधाने आहेत आणि प्रत्येकापुढे 'जवळजवळ नेहमी' पासून 'जवळजवळ कधीच नाही' पर्यंत सहा पायऱ्या. विशेष असे की, पंधराही विधाने सतिविषयी नसून तिच्या अभावाविषयी आहेत : बेफिकिरीने वस्तू सांडणे वा फोडणे, एका कानाने बोलणे ऐकत दुसरेच काम करणे, खात आहोत याचे भान नसताना काहीबाही खाणे, इत्यादी. असे ज्याच्या बाबतीत क्वचित घडते त्याचे गुण अधिक. कर्त्यांनी याचे कारण दिले आहे, आणि ते अविचारी नाही : बेसावधपणाचे क्षण सामान्य माणसास अधिक परिचयाचे असतात, म्हणून त्यांविषयी तो अधिक खात्रीने सांगू शकतो. रॉचेस्टर येथील झेन केंद्राच्या साधकांचे गुण इतरांहून अधिक आले, असाही पुरावा त्यांनी दिला.

आम्ही ही पंधरा विधाने आमच्यापुरती मराठीत उतरवून पाहिली. बहुतेक सहज उतरतात. एक मात्र अडले : मोटार आपोआप चालविल्यासारखी चालवीत कोठेतरी जाणे आणि मग आपण येथे का आलो याचे आश्चर्य वाटणे. आपल्या खेड्यांतून गाडीवान झोपी जाई आणि बैल गाडी घरी आणून सोडीत. तेथे बैलाची सति मोजावी की गाडीवानाची, असा प्रश्न आम्हांस पडला. विनोद सोडला तरी मुद्दा राहतोच. विधान एका विशिष्ट जीवनपद्धतीतून आले आहे आणि भिक्खूस ते लागू होत नाही; 'जवळजवळ कधीच नाही' असे त्याने लिहिले तर त्यास गुण मिळतील, ते मोटार नसल्याचे.

याहून गंभीर अडचण पहिल्याच विधानात आहे. मनात एखादी भावना असते आणि तिची जाणीव काही वेळाने होते, असे आपले किती वेळा होते, असा त्याचा आशय. आता चित्तानुपस्सनेचा ज्यास थोडा तरी सराव आहे, त्यास विचारा. तो म्हणेल, 'अनेकदा होते. राग येऊन गेल्यावर कळते.' ज्यास सराव नाही, त्यास राग येऊन गेल्यावरही कळत नाही. त्याच्या मते राग आलाच नव्हता, बोलणाऱ्याचीच चूक होती. तो प्रामाणिकपणे 'जवळजवळ कधीच नाही' यापुढे खूण करील. चूक ध्यानात येण्यासाठी जे लागते, तेच मोजावयाचे आहे. आणि ज्याच्यापाशी ते कमी, त्यास आपली उणीव कमी दिसते. आंधळ्यास आपल्या घरातील धूळ किती, असे विचारून स्वच्छता मोजण्यासारखे हे आहे. झेन साधकांचे गुण अधिक आले हे आम्ही नाकारीत नाही. पण ते सतिमुळे अधिक आले, की 'आपण सावध असतो' अशी साधकाची स्वतःविषयीची समजूत असते म्हणून, हे या साधनाने ठरविता येत नाही.

एक गोष्ट आम्हांस गमतीची वाटली. नुकतेच सांगितलेले माणसाचे नाव लगेच विसरणे, असेही एक विधान त्या पंधरांत आहे. वर्तमानावर आधारलेल्या त्या संपूर्ण श्रेणीत जुना 'असम्मोस' एवढ्या एका फटीतून आत शिरला आहे.

दुसरे साधन फ्रायबुर्ग येथील. बुखहेल्ड, ग्रोसमन आणि वालाख यांनी ते २००१ साली विपस्सना शिबिरांतील साधकांच्या साहाय्याने रचले. त्यातील विधाने होकारार्थी आहेत : वर्तमान क्षणास खुले असणे, शरीराच्या संवेदनांकडे लक्ष असणे, अशी. २००५ साली ली, बोवेन आणि मार्लाट यांनी ते महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस दिले. धूम्रपान करणाऱ्यांचे आणि वारंवार अतिमद्यपान करणाऱ्यांचे माइंडफुलनेसचे गुण न करणाऱ्यांपेक्षा अधिक आले. पाचवे सिक्खापद ज्यास पाठ आहे त्या वाचकास धक्का बसेल; मद्याचे वर्णनच तेथे पमादाचे स्थान असे आहे आणि पमाद म्हणजे सतिचा वियोग, असे अट्ठकथा सांगते. परंतु साधनाच्या बाजूने पाहिले तर यात नवल नाही. 'मला शरीराच्या संवेदना जाणवतात' हे विधान मद्यप्याने वाचले आणि त्यास आपला घोट आठवला; साधकाने वाचले आणि त्यास आपला श्वास आठवला. दोघांनीही खरे उत्तर दिले. मोजला गेला तो मनसिकार, आणि तो, वर सांगितल्याप्रमाणे, प्रत्येक चित्तात असतो.

तिसरे साधन बेअर आणि सहकाऱ्यांचे, २००६ चे. त्यांनी आधीच्या पाच प्रश्नावल्यांतील एकूण ११२ विधाने एकत्र करून ६१३ विद्यार्थ्यांस दिली, घटक विश्लेषणाने पाच अंगे काढली आणि ३९ विधानांची श्रेणी केली. निरीक्षण, शब्दांत वर्णन, भान ठेवून कृती, न्यायनिवाडा न करणे आणि प्रतिक्रिया न देणे, अशी ती पाच अंगे. घटक विश्लेषण म्हणजे कोणती उत्तरे एकमेकांबरोबर चढतात-उतरतात हे गणिताने पाहणे. पद्धत स्वच्छ आहे. परंतु जाळ्यात जे टाकले तेच जाळ्यात सापडणार. आधीच्या पाच प्रश्नावल्यांत विसरण्या-आठवण्याविषयी, कुशल-अकुशलाविषयी पुरेशी विधाने नव्हती, तेव्हा त्या अंगांचा शोध लागण्याचा संभवच नव्हता. पाच हा आकडा सतिच्या स्वरूपातून आला नाही, तो त्या ११२ विधानांतून आला. 'वर्णन' हे अंग तर आमच्या मते भाषासंपन्नतेचे माप आहे. आपले दुःख शब्दांत सांगता न येणाऱ्या किती उपासिका आम्ही पाहिल्या आहेत, ज्यांच्या सावधानतेपुढे आम्ही मान लववावी!

तरीही या अभ्यासाने एक मोलाची गोष्ट उघड केली, आणि ती दडविली नाही. विद्यार्थ्यांमध्ये 'निरीक्षण' या अंगाचे गुण जसे वाढतात तशी विचार दडपण्याची प्रवृत्ती आणि मानसिक त्रासाची लक्षणेही किंचित वाढलेली दिसली. २००८ च्या पुढील अभ्यासात ध्यान करणाऱ्यांमध्ये मात्र तेच अंग मानसिक स्वास्थ्याशी निगडित आढळले. तोच शब्द, तेच विधान, तीच खूण. आणि अर्थ उलटा. साधना न केलेला माणूस शरीराकडे लक्ष देतो ते बहुधा काळजीने, छातीत धडधड झाली की दचकून. साधक तेथेच शांतपणे उभा राहतो. येथे अट्ठकथेतील पदट्ठान उपयोगी पडते : निकटचे कारण वेगळे असेल तर धम्म वेगळा, जरी बाहेरून कार्य सारखे दिसले तरी.

आता अंकांविषयी. १९४६ साली स्टीव्हन्स यांनी मापनश्रेणींचे चार प्रकार सांगितले : नामसूचक, क्रमसूचक, समान अंतराची आणि गुणोत्तराची. शर्यतीत पहिला, दुसरा, तिसरा हा क्रम झाला. पण पहिल्या-दुसऱ्यातील अंतर दुसऱ्या-तिसऱ्यातील अंतराएवढेच, असे त्यावरून म्हणता येत नाही. 'क्वचित', 'कधीकधी', 'बहुधा' या पायऱ्या क्रम दाखवितात. त्यांस १, २, ३ असे अंक देऊन बेरीज केली, सरासरी काढली, की नकळत समान अंतर गृहीत धरले जाते. ऑस्ट्रेलियातील जोएल मिशेल यांनी १९९७ पासून या गृहीतावर कठोर टीका केली आहे. एखाद्या गुणात कमी-अधिकपणा आहे एवढ्यावरून तो गुण परिमाणात्मक आहे असे ठरत नाही. तो तसा आहे की नाही हे स्वतंत्रपणे तपासावे लागते, आणि मानसशास्त्राने ते तपासणेच टाळले, असा त्यांचा आक्षेप आहे. आम्हांस तो बिनतोड वाटतो.

सतिला कमी-अधिकपण आहे, हे आपली परंपराही मानते. विसुद्धिमग्गात श्रद्धा व प्रज्ञा, वीर्य व समाधी या जोड्यांचा समतोल राखावयास सांगितले आहे; सति मात्र सर्वत्र बलवान असावी, जसे प्रत्येक कालवणात मीठ लागते आणि राज्याच्या प्रत्येक कामात सर्व व्यवहार पाहणारा अमात्य लागतो. बलवान आणि दुर्बल हे शब्द क्रमाचे आहेत. एकाची सति दुसऱ्याच्या दुप्पट, असे कोठेही म्हटलेले नाही.

याच ओघात आपल्या एका भ्रमाविषयी बोलले पाहिजे. अभिधम्मात ५२ चेतसिक आहेत, ८९ किंवा १२१ चित्ते आहेत, म्हणून ते प्राचीन वैज्ञानिक मानसशास्त्र होय, असे आपल्याकडे अभिमानाने सांगण्यात येते. गणना आणि मापन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गीकरण कितीही सूक्ष्म असले तरी ते स्टीव्हन्स यांच्या पहिल्या, नामसूचक प्रकारातच बसते. आणि मानसशास्त्रज्ञ आम्हांस उलट विचारू शकतो : 'सति अकुशल चित्तात नसते, हे तुम्ही पाहून ठरविले की व्याख्येने?' हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. सुत्तांत मिच्छासति हा शब्द आठ अंगांच्या मिथ्यामार्गात स्पष्ट येतो. अट्ठसालिनी या अडचणीस सामोरी जाते : मिथ्यादृष्टी लोकांस आपली पूर्वीची कामे आठवत नाहीत काय? आठवतात, पण ती सति नव्हे, त्या आकाराने प्रवर्तलेला तो केवळ अकुशल चित्तुप्पाद होय, असे उत्तर ती देते. उत्तर चतुर आहे. परंतु कोणताही विरोधी पुरावा आला की तो 'खरी सति नव्हे' म्हणून बाजूस सारता येतो, ही त्याची दुर्बलताही आहे. शिवाय सगळे बौद्ध येथे एकमत नाहीत. सर्वास्तिवाद्यांनी स्मृतीला प्रत्येक चित्ताबरोबर उपजणाऱ्या दहा महाभूमिक धर्मांत घातले. योगाचारांनी तिला विशिष्ट विषयावरच उपजणाऱ्या पाचांत ठेविले. सर्वास्तिवादी आचार्यास मद्यप्याच्या स्मृतीचे गुण पाहून स्थविरवाद्याइतका धक्का बसला नसता. तेव्हा 'बौद्धांची सति मोजा' असे पाश्चात्त्यांस बजावताना कोणत्या बौद्धांची, हे आपण सांगितले पाहिजे.

भिक्खूंनी अशी प्रश्नावली भरावी काय, हा आणखी एक प्रश्न. आपल्या ठायी नसलेल्या उत्तरिमनुस्सधम्माचा जाणूनबुजून दावा करणे हा चौथा पाराजिक. खराखुरा असला तरी तो अनुपसंपन्नास सांगणे हे पाचित्तिय. विनयाच्या पदभाजनीयात या उत्तरिमनुस्सधम्मांत मग्गभावना गणिली आहे आणि तिच्यात पहिलीच येतात ती चार सतिपट्ठाने. वस्तू न सांडणे म्हणजे मग्गभावना नव्हे, हे आम्ही जाणतो; प्रश्नावली भरल्याने आपत्ती होते असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या समाजाची शिस्तच आपल्या साधनेविषयी मौन बाळगण्याची आहे, त्यातील माणूस 'माझे लक्ष सहसा ढळत नाही' यापुढे ठळक खूण करील अशी अपेक्षा करणे, आणि न केल्यास त्याची सति कमी असे मोजणे, यात पद्धतीचा दोष आहे. ज्यांस मौन शिकविलेले नाही, त्यांचा अंक आपोआप चढेल.

हे सारे दोष बाहेरच्यांनीच दाखविले असे कोणी समजू नये. फ्रायबुर्ग श्रेणीच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या ग्रोसमन यांनीच २००८ साली आणि पुन्हा २०११ साली या स्वयंनिवेदनाच्या प्रश्नावल्यांवर सर्वात तिखट टीका लिहिली. २०१८ साली व्हॅन डॅम आणि चौदा सहलेखकांनी माइंडफुलनेसभोवती उठलेल्या गाजावाजाविरुद्ध इशारा देऊन, हा एकच ढोबळ शब्द बाजूस ठेवावा आणि नेमके काय अभ्यासिले ते प्रत्येकाने निराळे नोंदवावे, असे सुचविले. आपण घडविलेल्या साधनाविरुद्ध आपणच साक्ष देण्याची ही वृत्ती आपल्या पत्रकलेखकांत आली तर बरे होईल.

प्रश्नावलीवाचून माप घेण्याचा एक प्रयत्न मात्र आम्हांस मनापासून आवडला. २०१४ साली लेव्हिन्सन, रिचर्ड डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी श्वासगणनेची चाचणी मांडली. व्यक्तीने स्वस्थ बसून श्वास एक ते नऊ असे मोजावयाचे, आठपर्यंत एक कळ दाबावयाची आणि नवव्यास दुसरी. दुसरी कळ नेमकी नवव्या श्वासास पडली की नाही, हे यंत्र नोंदविते. 'तुम्ही सावध असता काय' असे येथे कोणी विचारीत नाही; विसरला की विसरला. दीर्घकाळचे साधक यात सरस ठरले. हे असम्मोसाचे प्रत्यक्ष माप आहे, आणि अट्ठकथेच्या इतके जवळ दुसरे कोणतेही साधन गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

विसुद्धिमग्गातील आनापानाच्या प्रकरणात हीच गणना आहे. बुद्धघोष सांगतात, पाचाच्या आत थांबू नये आणि दहाच्या पुढे जाऊ नये. पाचाच्या आत थांबले तर अरुंद गोठ्यात कोंडलेल्या गुरांप्रमाणे चित्त धडपडते. दहाच्या पुढे गेले तर चित्त श्वास सोडून आकड्यालाच धरते. मध्येच खंड पडला तर आपले कम्मट्ठान पुरे झाले की नाही या शंकेने ते डळमळते. अमेरिकेतील प्रयोगशाळेने निवडलेला नऊ हा आकडा नेमका या मर्यादेत बसतो. परंतु बुद्धघोषांच्या पाठात पुढची पायरी आहे. गणनेवाचूनही सति श्वासावर टिकू लागली की गणना सोडावयाची आणि अनुबंधना, म्हणजे श्वासामागून अखंड जाणे, सुरू करावयाची. ज्याची गणना सुटली तो चाचणीत नापास होईल; आणि गणना दोन कारणांनी सुटते, विसरल्यामुळे आणि गरज न उरल्यामुळे. यंत्राच्या कळीस यांतील भेद कळत नाही. तरीही आरंभीच्या साधकांपुरते हे माप आम्ही ग्राह्य मानू.

दुसऱ्याच्या आंतरिक गुणांची पारख कशी करावी, याविषयी कोसलसंयुत्तात एक प्रसंग आहे. श्रावस्तीस पसेनदि राजा भगवंतांजवळ बसला असता सात जटिल, सात निगंठ, सात अचेलक, सात एकसाटक आणि सात परिव्राजक जवळून गेले. राजाने उठून, हात जोडून त्यांस आपले नाव सांगितले, आणि हे अर्हंतांपैकी असावेत असे भगवंतांस म्हणाला. भगवंतांनी ते मान्य केले नाही. शील सहवासाने कळते, शुचिता व्यवहाराने, मनोबल आपत्तीत आणि प्रज्ञा चर्चेने. तेही दीर्घकाळाने, अल्पकाळाने नव्हे. लक्ष देणाऱ्यास, न देणाऱ्यास नव्हे. आणि प्रज्ञावंतास, असे उत्तर त्यांनी दिले. तेव्हा राजाने कबूल केले की ते सारे त्याचेच हेर होते.

हे उत्तर म्हणजे एक मापनपद्धतीच आहे : निवेदन स्वतःचे नव्हे, निरीक्षकाचे, कालावधी दीर्घ, परिस्थिती निरनिराळ्या, निरीक्षकाची पात्रता निश्चित. मानसशास्त्रास ती परकी नाही. तेव्हा आपल्या विहारांनी आणि साधना केंद्रांनी संशोधकांस एक गोष्ट देऊ करावी, असे आम्ही सुचवितो. ज्यांनी साधकांबरोबर वर्षानुवर्षे वास केला आहे अशा दोन आचार्यांनी, परस्परांस न विचारता, त्याच वीस-पंचवीस साधकांचा सतिच्या दृष्टीने क्रम लावावा. अंक नकोत, केवळ क्रम. मग ते दोन क्रम ताडून पाहावेत. दोघांचे क्रम जुळले तर त्यांशेजारी पंधरा विधानांचे गुण आणि श्वासगणनेचे निकाल ठेवून पाहता येतील. आणि न जुळले, तर सति ओळखता येते हा आपला दावाही त्या प्रश्नावल्यांइतकाच तपासणीस पात्र ठरेल. तो निकाल जसा येईल तसा छापण्याची तयारी आधी ठेवावी लागेल.